कवंदाचं पोट

अबू हलीफा, कुवेत
१० ऑक्टोबर १९९७, शुक्रवार

आपा,

आठ महिन्यांत पाच पत्रं टाकली मी. उत्तर म्हणून आलं काय, तर एक पोस्टकार्ड, त्यावर माझ्या फरजानाच्या अक्षरात एक ओळ. ‘बडीमा विचारते, कवंद कुठवर आलं?’ सख्खी बहीण जिवंत आहे की वाळूत गाडली गेली, हे विचारायला शाई पुरली नाही वाटतं.

तू ते चोरी समजतेस हे मला ठाऊक आहे. समज. अम्माचा चाळीसावा झाला आणि मी निघाले, तेव्हा माझ्या ट्रंकेत दोन साड्या होत्या, जाफरचा एक फोटो होता आणि अम्माच्या हातचं अर्धं राहिलेलं कवंद होतं. तुला विचारलं नाही. विचारलं असतं तर तू दिलं नसतंस. घर तुझ्याकडे राहिलं, शेताचा तुकडा तुझ्याकडे राहिला. जाफरसारखा नवरा लाकडाच्या ट्रकखाली गेला म्हणून मला परमुलखात यावं लागलं, तर पोटची पोरगीसुद्धा तुझ्याकडेच राहिली. मी जुन्या चिंध्यांचं एक पांघरूण नेलं तर एवढं काय बिघडलं?

फरजाना, तू हे मोठ्यानं वाचते आहेस ना? तुझ्या बडीमाला, माझ्या आपाला, अक्षर येत नाही, म्हणून तुझ्यावर भिस्त. जोडाक्षरं गिळू नकोस. मी त्याच मराठी शाळेत सातवीपर्यंत शिकले, मला मास्तर छडी मारायचे.

इथं मी पुण्याच्या माणसांकडे आहे. साहेबांचं नाव प्रताप, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. मॅडम चारुशीला. त्यांची सलोनी चार वर्षांची आहे, तिला सांभाळायला मला आणलं. विमानतळावरच्या शिपायानं माझा पासपोर्ट उलटासुलटा करून पाहिला. ‘हिंदी? इंती हिंदी?’ म्हणजे तू इंडियन? त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला. तिघं माझ्या केसांकडे बघत होते. हिंदुस्थानात असे केस असतात हे त्यांना पटेना. हल्याळच्या बाजारात तरी काय वेगळं होतं म्हणा.

परवा बकाल्यात, म्हणजे इथल्या वाण्याच्या दुकानात, दोन बायका माझ्यामागे उभ्या होत्या. एक म्हणाली, ‘ही हबशीण बघ, सगळी कोथिंबीर चिवडून ठेवली.’ मी वळले आणि म्हटलं, ‘ताई, वरची पिवळी आहे, खालची घ्या. हबशिणीनं तुमच्यासाठी वर काढून ठेवली.’ अशा तोंड वासून उभ्या राहिल्या दोघी! त्या दिवशी मला छान भूक लागली.

कवंदाचं म्हणशील तर दर शुक्रवारी एक फेर घालते. कडेकडेनं आत, अम्मानं शिकवलं तसं. एवढं सांग तिला, फरजाना.

झुलेखा


अबू हलीफा
१८ जून १९९९, शुक्रवार

आपा,

पुन्हा तेच पोस्टकार्ड. तीच ओळ. तू पोस्टमास्तरकडून शिक्काच करून का घेत नाहीस?

आता माझं एक ऐक आणि हवं तेवढं हस. इथं सगळ्यांना मी जंजिऱ्याची आहे.

झालं असं, की आल्या आल्या मॅडमनी विचारलं, ‘तुम्ही सिद्दी म्हणजे जंजिऱ्याचे ना गं? आम्हाला इतिहासात होते.’ मी सांगणार होते की नाही, कर्नाटकातल्या हल्याळच्या जंगलातले. तिथं समुद्र नाही, किल्ला नाही, नवाब नाही, साग आहे आणि जळवा आहेत. पण त्यांच्या तोंडावर असं कौतुक होतं की मी ‘हो’ म्हणून बसले. इतिहासात असलेल्या माणसाला निदान स्टुलावर तरी बसवतात. आपण कुठल्याच पुस्तकात नाही. आपले आजे-पणजे कुणाच्या तावडीतून पळाले, कुठल्या घाटानं जंगलात शिरले, हे कुणी लिहून ठेवलं नाही. मग मी कुणाच्या का होईना, नवाबाच्या घरची झाले. मॅडम पाहुण्यांना सांगतात, ‘ही आमची झुलेखा, जंजिऱ्याच्या सिद्दींपैकी,’ आणि पाहुणे माझ्याकडे किल्ल्याकडे बघावं तसं बघतात.

इथून जवळ मंगफला हारूनभाईंचं कापडाचं दुकान आहे, खरा मुरूडचा माणूस. मी सलोनीच्या फ्रॉकचं कापड घ्यायला गेले तर म्हणाला, ‘जंजिऱ्याची ना तू? मग मुरूडला कुठल्या मोहल्ल्यात गं घर तुमचं?’ मी म्हटलं, ‘मशिदीच्या मागे.’ तो म्हणाला, ‘कुठल्या मशिदीच्या?’ मी घाम पुसला. त्यानं कापड मोजलं, घडी घातली आणि पुडी हातात देताना हळूच म्हणाला, ‘बाय, आमच्याकडचे सिद्दी मला बघताच माझ्या आजाचं नाव घेतात. तू कुठली ते मी इचारत नाय. पन खोटं बोलशील तर नीट शिकून बोल.’

तेव्हापासून कापड फहाहीलहून आणते.

फरजाना पाचवीत गेली असेल. तिचे केस कोण विंचरतं? बारीक दातांचा कंगवा घालू नकोस, तुटतात.

कवंद दोन विती राहिलं. लिहून ठेव.

झुलेखा


अबू हलीफा
२३ नोव्हेंबर २००१, शुक्रवार

आपा,

रोजा आहे, डोकं दुखतंय, तरी लिहिते आहे. मॅडमनी आज सुट्टी दिली, फक्त स्वयंपाक करायचा.

सलोनीनं शाळेत ‘माय फॅमिली’ म्हणून चित्र काढलं. आई, बाबा, ती स्वतः आणि दारात मी. आम्हा सगळ्यांना हात होते, पाय होते. मला तोंड नव्हतं, सगळा काळा गोळा. मी विचारलं, ‘माझे डोळे कुठे गेले गं?’ तर म्हणाली, ‘दे डोन्ट शो, झुलेखा. इट्स ब्लॅक ऑन ब्लॅक.’ आठ वर्षांची आहे, लबाडी नाही त्यात. माझ्या मांडीवर झोपून मोठी झाली. मी पांढरा खडू घेतला आणि दोन डोळे काढले. मॅडम म्हणाल्या, ‘अगं, तिचं होमवर्क आहे ते.’

या वर्षीचं पोस्टकार्ड पोचलं. तुझ्या प्रश्नाला उत्तर देते. कवंद एक वीत राहिलं आहे आणि तसंच राहणार आहे, तुझ्यामुळे.

फरजाना, तुझ्यासाठी म्हणून लिहिते, कारण बडीमा तुला सांगेल की नाही कोण जाणे. आपल्या बायका जुन्या लुगड्याच्या घडीवर कवंद कडेपासून शिवायला घेतात. ठिगळावर ठिगळ, फेरावर फेर, आत आत. चार कोपऱ्यांना चार फुलं लावतात, कापडाच्या घडीवर घडी घालून. फुलं नसलेलं कवंद नागडं. आणि सगळ्यात शेवटी मधे जी वीतभर जागा उरते ते त्याचं पोट. तिथं शेतातलं मूठभर भात घालायचं आणि मग शेवटचं ठिगळ लावून पोट बंद करायचं. उपाशी कवंद अंगावर घेऊ नये, त्याखाली झोपणाराही उपाशी राहतो. हा मान घरातल्या थोरल्या बाईचा. अम्मानं फुलं लावली होती, अर्ध्याहून जास्त फेर घातले होते. तुझ्या आजोबांचा लाकडाच्या डेपोतला खाकी शर्ट आहे त्यात, तू तान्ही असतानाचं अंगडं आहे.

अम्मा गेली. थोरली आता तू, आपा. चार दाणे पुडीत बांधून पाठवायला काय लागतं? पण तू पाठवणार नाहीस. तू फक्त वर्षातून एकदा विचारणार. माझी सुई तयार आहे, तुझीच मूठ उघडत नाही.

झुलेखा


अबू हलीफा
७ मे २००४, शुक्रवार

आपा,

आज खुशीची बातमी. महाराष्ट्र दिनाचा कार्यक्रम झाला, इथल्या मराठी मंडळाच्या बायकांनी मोठं प्रदर्शन लावलं. पैठण्या, रांगोळ्या, पगड्या, चूल आणि जातं. आणि मधोमध, सगळ्यात मोठ्या भिंतीवर, अम्माचं कवंद. शंभर माणसांनी पाहिलं. दिवे सोडले होते वरून. अम्मा जन्मभर ज्या बाजारात मोळी विकायला बसली तिथं कुणी तिच्याकडे वळून पाहिलं नाही, आणि इथं तिच्या टाक्यांचे फोटो काढत होते. एक कुवेती बाई तर हलेचना समोरून. तिनं ते कुवेत शहरात, दस्मानला, त्यांच्या हस्तकला केंद्रात लावायला मागून नेलं.

आता तरी म्हणशील की नेलं ते बरं केलं?

घाईत आहे, जास्त लिहीत नाही.

झुलेखा


अबू हलीफा
११ जून २००४, शुक्रवार

फरजाना,

हे पत्र तुझ्या नावानं आहे. बडीमाला वाचून दाखवू नकोस. तू पंधरा वर्षांची झालीस, मी तुला आठ वर्षांची सोडली. तुझ्याशी खरं बोलायला मला पत्राचा आडोसा लागतो, यातच काय ते समज.

मागच्या पत्रात मी जे लिहिलं त्यातली भिंत खरी आणि दिवे खरे.

एप्रिलमध्ये माझ्या ट्रंकेला कुबट वास यायला लागला म्हणून मी कवंद गच्चीत उन्हाला टाकलं. मॅडमनी पाहिलं. ‘अय्या, गोधडी! कधी बोलली नाहीस!’ प्रदर्शनात त्यांना गोधडी हवीच होती, आणि पुण्याहून मागवलेली वेळेत आली नव्हती. त्यांनी ते दिवाणखान्यात पसरलं, चारी बाजूंनी फिरून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘फक्त हे कान काढ गं कोपऱ्यांचे. गोधडीला असले कान नसतात आपल्याकडे. शिवाय दांडीवर सरळ बसणार नाही.’

मी म्हटलं, ‘मॅडम, ती फुलं आहेत.’

‘हो, पण काढ.’

अकाम्याचे कागद त्याच आठवड्यात साहेबांच्या सहीला गेले होते. सही झाली नाही तर मी इथं राहू शकत नाही. आणि समज, कागद नसते तरी मी काढलीच असती, कारण सात वर्षांत या घरात मी कशालाही नाही म्हटलेलं नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर बसले आणि ब्लेडनं अम्माची चार फुलं उसवली. एकेक टाका. अम्मानं दोन पदरी दोरा घातला होता, निघता निघेना.

मधली उघडी जागा मॅडमनी मंगफच्या शिंप्याकडून ठिगळ लावून मशीननं बंद करून आणली. परत आल्यावर तक्रार करत होत्या, ‘मधे काहीतरी गाठ आहे गं, सपाट बसत नाही. कसलं भरलंय आत?’ मी म्हटलं, ‘जुनं लुगडं गोळा झालं असेल.’ त्यांनी वर हात मारून सपाट केलं.

खाली पाटी लावली. ‘पारंपरिक मराठी गोधडी. चारुशीला यांच्या संग्रहातून.’

मी चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. ती कुवेती बाई, उम्म सालेम, केंद्राची मुख्य आहे. साठीची असेल. काळ्या अबायात चेहरा माझ्याइतकाच काळा, अम्मासारखे गाल. तिचा बाप होडीवर मुंबईला जाऊन येऊन होता, म्हणून हिंदी तोडकं येतं. तिनं कवंदावरून हात फिरवला, मग वळून थेट माझ्याकडे पाहिलं. भिंत सोडून माझ्याकडे, फरजाना. आणि विचारलं, ‘ये तुम बनाया? तुम्हारा लोग बनाया?’

मॅडम दोन हात अंतरावर उभ्या होत्या.

मी म्हटलं, ‘नहीं. मॅडम का है.’

तिनं माझ्या हातून चहा घेतला. कोपऱ्याशी गेली, चष्मा लावून वाकली, सुईची भोकं बोटानं चाचपली. म्हणाली, ‘इधर कुछ था. किसने निकाला?’ मी ट्रे घेऊन आत गेले.

आणखी एक. मी एकही फेर घातलेला नाही. दोन विती, एक वीत, सगळं खोटं. सात वर्षांत सुईत दोरा ओवला नाही. पहिल्या वर्षी एकदा ट्रंक उघडली तर धुराचा वास आला, आपल्या चुलीचा, आणि मला इतका राग आला की मी झाकण आपटून बंद केलं. जंजिऱ्याच्या बाईकडे चिंध्यांचं पांघरूण असतं का? कुणी पाहिलं असतं तर? अम्माची लाज वाटली मला. तुझी, बडीमाची, सगळ्यांची वाटली.

चार फुलं माझ्याकडे आहेत. सलोनीच्या जुन्या मोज्यात ठेवली आहेत.

तुझी मा


अबू हलीफा
१२ ऑक्टोबर २००४

आपा,

फरजाना, हे मात्र अक्षर न् अक्षर वाच. जूनचं पत्रही तिला वाचून दाखव. मी सांगते म्हणून.

गेल्या शुक्रवारी मी दस्मानला गेले. मॅडमना सांगितलं फहाहीलला जाते. दोन बस बदलल्या. केंद्रात कवंद दांडीवर लटकलेलं होतं, चारी कोपरे बोडके. बारा पावलांवरून मला ते ओळखू आलं नाही. उम्म सालेम टेबलाशी बसली होती. मी तिच्यापुढे मोजा झटकला.

तिनं कवंद खाली उतरवलं, टेबलावर पसरलं आणि फुलं एकेक करून भोकांवर ठेवली. चारही जिथल्या तिथं बसली. मग तिनं मला खुर्ची दिली, आपा. चहा मागवला आणि तो पहिला मला दिला.

‘मॅडम जंजिरा बोला. तुम जंजिरा?’

‘नाही,’ मी मराठीतच म्हटलं. मग हिंदीत. ‘हल्याळ.’

‘उधर समंदर है?’

‘समंदर नहीं. जंगल.’

तिला पटेना. तिची माणसं गुलाम करून होडीतून आणलेली, तिच्या लेखी आपल्यासारखं माणूस समुद्राकाठीच असतं. मी तिला सांगितलं की आमचे पळून आत गेले, जिथं कुणी शोधायला येणार नाही तिथं. आणि खरंच कुणी आलं नाही. ती खूप हसली. मग डोळे पुसले तिनं. कार्डावर काय लिहायचं विचारलं. मी म्हटलं, शहरबानू, माझी मा. हल्याळ. तिनं अरबीत लिहिलं, मला वाचता येत नाही, पण सात वर्षांत या मुलखात मी पहिल्यांदा आपल्या गावाच्या बाजूचं नाव घेतलं होतं आणि कुणीतरी ते लिहून घेतलं.

मॅडमची एक मैत्रीण रविवारी तिथं गेली, तिनं रिकाम्या दांडीखालचं कार्ड पाहिलं आणि अरबी कुणाकडून तरी वाचून घेतलं. मॅडम म्हणाल्या, ‘घरच्यासारखं ठेवलं गं तुला. अख्ख्या मंडळात तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस.’ साहेबांनी एवढंच म्हटलं, ‘हिचा अकामा कॅन्सल करू.’ सलोनी अकरा वर्षांची आहे, ती खोलीतून बाहेर आली नाही. वीस तारखेचं विमान आहे. जंजिऱ्याची झुलेखा इथंच राहील, परत येते ती दुसरी कुणी.

हे सगळं मी सांगतेय ते जे सांगायचंय ते लांबवायला.

शुक्रवारी तिथंच टेबलावर मी उम्म सालेमकडून कात्री मागितली. मशीनची शिवण मला बघवत नव्हती. शिंप्याचं ठिगळ काढलं, आतलं अम्माचं जुनं लुगडं उलगडलं. त्याच्या घडीत गाठोडं होतं.

हिरव्या खणाचा तुकडा. तुझ्या लग्नातल्या चोळीचा. मी तो कुठंही ओळखेन, मीच त्याच्यासाठी रडले होते तेव्हा. दोऱ्यानं सात वेढे घालून बांधलेला, तू बांधतेस तसा, गाठ डाव्या हाताची. आत भात होतं, सालीसकट, आपल्या तुकड्यातलं. निम्म्याहून जास्त भुसा झालाय. सोंड्यांनी पोखरलं. उम्म सालेमला वाटलं तावीज आहे. विचारलं तिनं, ‘किसने दिया?’

तू दिलंस. मी निघायच्या आधी, ट्रंक भरून ठेवली होती आणि मी तालुक्याला कागद आणायला गेले होते तेव्हा. म्हणजे तू ट्रंक उघडलीस. कवंद पाहिलंस. ओरडली नाहीस, काढून घेतलं नाहीस. थोरल्या बाईचा मान होता तो घेतलास, त्याचं पोट भरलंस, घडी तशीच घातलीस आणि दारात माझ्याशी न बोलता उभी राहिलीस.

मी एक वीतभर शिवलं असतं तरी ते हाताला लागलं असतं. मी फक्त एकदा, एका शुक्रवारी, लुगडं उलगडलं असतं तरी.

दर वर्षी तू एवढंच विचारत होतीस. मी त्याला टोमणा समजले. मी लिहायची दोन विती राहिलं, एक वीत राहिलं, आणि गाठोड्याचा शब्द नाही. तुला पहिल्या पत्रापासून कळत होतं की मी सुई धरलेली नाही. तरी तू फरजानाला समोर बसवून पुढच्या वर्षी तेच पोस्टकार्ड लिहवून घेत होतीस. मी वर तुलाच लिहिलं, तुझी मूठ उघडत नाही म्हणून. ते तू ऐकलंस. फरजानाच्या तोंडून ऐकलंस.

भुसा पाखडला. तेवीस दाणे धड आहेत, ते त्याच खणात परत बांधले. उम्म सालेमनं कवंद मला परत दिलं, कार्ड ठेवून घेतलं. फुलं मी लावली, दोन पदरी दोऱ्यानं, अम्मासारखी नाही जमली. पोट उघडंच ठेवलंय.

कवंद कुठवर आलं विचारतेस ना, आपा? अम्मानं जिथं सोडलं तिथंच आहे.

झुलेखा